टेबलावर वाजणारं पेडल बॉक्समध्ये गेलं की गप्प का होतं?

निपाणीहून एका गिटारवादकाचा प्रश्न आलाय. त्यांनी ओव्हरड्राइव्ह पेडलचं (गिटारचा आवाज फाटका करणाऱ्या, पायानं दाबायच्या डबीचं) किट मागवलं, बोर्ड स्वतः जोडला आणि टेबलावर सगळं उघडं पसरून वाजवलं तर छान वाजलं. मग किटबरोबर आलेल्या १५९०बी मापाच्या बॉक्समध्ये बसवायला घेतलं. वायरी मावेनात, झाकण दोन-तीन मिलीमीटर उघडंच राहिलं आणि दाबून धरून स्क्रू आवळल्यावर आवाज पूर्ण बंद झाला. आता मोठा बॉक्स घ्यावा की बोर्ड पुन्हा तपासावा, असं ते विचारतायत.

दोन्हींची घाई करू नका. बोर्ड टेबलावर वाजला याचा अर्थ रेझिस्टर, कपॅसिटर, आयसी सगळं जागच्या जागी बसलंय. ते आता उकरू नका. टेबलावर तुमच्या वस्तूंना लांबी-रुंदी होती, खोलीचा प्रश्नच नव्हता. बॉक्समध्ये खोली मोजून मिळते आणि सगळ्या बाजूंनी अॅल्युमिनियम येतं. हे अॅल्युमिनियम सहसा केबल खोचायच्या जॅकच्या बाहेरच्या कड्यातून ग्राउंडला (सर्किटच्या निगेटिव्हला) जोडलेलं असतं, त्यामुळे बॉक्स हासुद्धा सर्किटचा एक भाग आहे. सिग्नलची वायर त्याला टेकली की आवाज जातो, नऊ व्होल्टची टेकली की अॅडॅप्टर शॉर्ट होतो. तुमचा खरा प्रश्न म्हणजे कुठली वस्तू किती खोल जाते आणि ती कोणत्या क्रमानं बसवायची, हा आहे.

मी बेळगावात, शहापूरला, अँप आणि पेडल दुरुस्त करतो आणि कुणी सांगितलं तर पेडल बनवूनही देतो. "घरी वाजत होतं, बॉक्समध्ये घातलं आणि बंद पडलं" म्हणून माझ्याकडे जी किटं येतात, त्यांत बोर्ड क्वचितच बिघडलेला असतो. खाली लिहितोय ते त्या अनुभवावरून. काही गोष्टी मात्र तुमच्या किटवर अवलंबून आहेत. पॉट (नॉबखालचे फिरवायचे भाग) थेट बोर्डावर बसणारे आहेत की वायरीनं जोडायचे, जॅक उघड्या पत्त्यांचे आहेत की प्लॅस्टिकच्या डबीतले, जॅक बाजूच्या भिंतींवर आहेत की वरच्या कडेला, बॅटरी आत ठेवायची आहे की नुसता अॅडॅप्टर, यातलं काहीच तुम्ही लिहिलेलं नाही. म्हणून जिथे फरक पडतो तिथे दोन्ही बाजू सांगतो. आणि पुढे घोळ नको म्हणून एक ठरवून घेऊ. बॉक्सवर बसतो तो जॅक, केबलच्या टोकाला असते ती पिन.

आधी सध्याचा बिघाड शोधू. झाकण आवळल्यावरच आवाज गेला, म्हणजे झाकण कशाला तरी टेकतंय किंवा काहीतरी दाबून दुसऱ्या कशाला तरी टेकवतंय. अॅडॅप्टर काढा, झाकण काढा. झाकणाच्या आतल्या बाजूवर तिरपा उजेड पाडून बघा, टेकलं असेल तिथे सोल्डरचा बारीक चरा दिसतो. बहुतेक वेळा तो फूटस्विचच्या बरोबर समोर असतो, कारण फूटस्विचची नऊ टर्मिनलं ही आतली सगळ्यात उंच जागा असते.

चरा नसेल तर मल्टिमीटर बझरवर ठेवा, म्हणजे दोन जागा एकमेकींना जोडलेल्या असल्या की तो वाजतो. व्हॉल्यूमचा पॉट पूर्ण वर करा, कारण तो शून्यावर असेल तर आउटपुट मुळातच ग्राउंडला जोडलेलं असतं आणि मीटर उगाच वाजेल. एक प्रोब बॉक्सच्या उघड्या धातूवर धरा, म्हणजे भोकाच्या आतल्या कडेला किंवा स्क्रूच्या खाचेत. रंगावर धरून उपयोग नाही. दुसरा प्रोब आधी अॅडॅप्टरच्या पॉझिटिव्ह टर्मिनलवर, मग इनपुट जॅकच्या टिपवर (पिनेच्या टोकाला टेकणाऱ्या पत्तीवर), मग आउटपुटच्या टिपवर लावा. कुठेही बझर सतत वाजता कामा नये. पॉझिटिव्हवर क्षणभर चिवचिवला आणि थांबला तर घाबरू नका, तो फिल्टरचा कपॅसिटर चार्ज होतोय. त्यानंतर हेच सगळं दोन्ही जॅकमध्ये पिना घालून पुन्हा करा. केबलचं दुसरं टोक मोकळंच राहू द्या.

पिना घालून करायचं कारण असं. उघड्या पत्तीच्या जॅकमध्ये पिन गेली की टिपची पत्ती बाहेरच्या बाजूला सरकते. रिकाम्या जॅकमध्ये पत्ती आणि भिंत यांच्यात छान अंतर दिसतं, पिन घातली की तीच पत्ती भिंतीला, पॉटच्या पाठीला किंवा शेजारच्या वायरीला टेकते. असं पेडल बॉक्स उघडून डोळ्यांनी तपासलं तर निर्दोष दिसतं, कारण तपासताना आपण केबल काढून ठेवलेली असते. जॅक थोडा फिरवून पत्ती मोकळ्या जागेकडे वळवली की काम होतं. नट आवळताना जॅक आतून बोटांनी किंवा पकडीनं धरून ठेवा. नाहीतर तो नटाबरोबर फिरतो आणि केलेली मेहनत वाया जाते. दातेरी वॉशर बॉक्सच्या आतल्या बाजूला घाला, तो फिरणं रोखतो आणि भिंतीत रुतून ग्राउंडही पक्का करतो.

डीसी जॅक, म्हणजे अॅडॅप्टर खोचायचा जॅक, धातूचा आहे की प्लॅस्टिकचा, हेही बघा. गिटार पेडलमध्ये बहुतेक ठिकाणी मधला काटा निगेटिव्ह असतो आणि बाहेरचं कडं पॉझिटिव्ह. धातूच्या जॅकमध्ये हे बाहेरचं कडं त्याच्या आट्यांना, म्हणजे थेट बॉक्सला जोडलेलं असतं. बॉक्स तर ग्राउंड. टेबलावर हा जॅक कशालाही टेकत नव्हता म्हणून पेडल चाललं, बॉक्समध्ये नट आवळला त्या क्षणी शॉर्ट. रेडिओ-इन्व्हर्टरच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळतो तो जॅक बऱ्याचदा धातूचाच असतो. पेडलला प्लॅस्टिकच्या अंगाचाच हवा.

आता झाकणाचे ते दोन-तीन मिलीमीटर. १५९०बी बॉक्स बाहेरून साधारण ११२ बाय ६० मिलीमीटर आणि ३१ मिलीमीटर उंच असतो. पत्र्याची जाडी वजा केली की आत वापरता येते अशी खोली २७ च्या आसपास उरते. सगळं गणित या २७ मध्ये बसवायचं आहे. तीन पोलच्या (एकाच वेळी तीन जोडण्या बदलणाऱ्या) फूटस्विचचं अंग आणि टर्मिनलं मिळून वीसेक मिलीमीटर होतात, त्यावर वायरींची वळणं येतात. म्हणजे मुळातच जागा थोडी.

फूटस्विचच्या आट्यांवर दोन नट असतात, एक पत्र्याच्या आत, एक बाहेर. आतला नट किटमध्ये बहुधा आट्यांच्या मधोमध फिरवून ठेवलेला येतो आणि लोक तो तसाच ठेवून स्विच बसवतात. त्यामुळे स्विचचं अंग पत्र्यापासून उगाच खाली लटकतं. तो आतला नट स्विचच्या अंगापर्यंत पूर्ण फिरवा, मग स्विच बसवा. अंग पत्र्याजवळ येतं, बाहेरचं बटण तेवढंच उंच होतं आणि आत काही मिलीमीटर मोकळे होतात. माझ्या अंदाजानं तुमचं झाकण एवढ्यानंच बंद होईल. मोठा बॉक्स विकत घेण्याआधी हे करून बघा.

त्यानंतर बोर्डाची खोली मोजा. पॉट बोर्डावर असतील तर पत्र्यापासून मोजत या. १६ मिलीमीटरच्या पॉटचं अंग आठ-नऊ, पॉट आणि बोर्डामधली फट एक-दोन, बोर्ड स्वतः १.६, आणि त्यावर सगळ्यात उंच भाग. हा उंच भाग बहुधा उभा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर असतो, १०० मायक्रोफॅरडचा असेल तर ११ मिलीमीटरच्या आसपास. बेरीज २२ ते २४ वर जाते. चालतं, पण वायर वरून नेली तर चालत नाही. कपॅसिटरचे पाय वाकवून त्याला बोर्डावर आडवा झोपवला की वायरीला वाट मिळते. आयसी उंच सॉकेटमध्ये असेल तर तेही या मापात धरा.

बॅटरीचा हट्ट असेल तर मात्र मोठा बॉक्स घ्या. नऊ व्होल्टची बॅटरी ४८.५ बाय २६.५ बाय १७.५ मिलीमीटर असते. १५९०बी मध्ये ती मावते अशी मांडणी करता येते, पण ती मांडणी बोर्डाचा आकार ठरवतानाच करावी लागते, किटचा तयार बोर्ड घेऊन नंतर जागा काढणं अवघड. १२५बी मापाचा बॉक्स लांबी-रुंदीला थोडाच मोठा आहे, पण उंची ३९ च्या घरात. तेवढी खोली वाढली की श्वास घ्यायला जागा होते. नवीन शिकणाऱ्यांना मी पहिल्या पेडलसाठी १२५बी च सुचवतो, आणि बॅटरी सोडून द्यायला सांगतो. आपल्याकडे पेडल गणपतीच्या स्टेजवर किंवा कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये वाजतं, तिथे अॅडॅप्टर असतोच. पावसाळ्यात महिना-दोन महिने पेडल पडून राहिलं आणि आत बॅटरी विसरली, तर ती गळून बोर्ड खाते.

क्रमाबद्दल माझं म्हणणं ठाम आहे. सोल्डरिंग गन हातात घेण्याआधी सगळं कोरडं बसवून बघायचं. वायर एकही नाही. पॉट, जॅक, फूटस्विच, डीसी जॅक, एलईडी, सगळं बॉक्समध्ये हातानं नट लावून बसवा. जॅकमध्ये पिना घाला. फूटस्विच दाबा. झाकण ठेवा, स्क्रू लावा. इथे काही अडलं तर ते पाच मिनिटांत सुटतं. तेच सोल्डर झाल्यावर अडलं तर वायरी तोडाव्या लागतात, बोर्डावरची तांब्याची पट्टी उचकटते आणि चांगला बोर्ड हातचा जातो.

बोर्डावर बसणारे पॉट असतील तर ते आधी बॉक्सच्या भोकांत बसवा, नट हलके ठेवा, मग त्यांच्या पायांवर बोर्ड ठेवा आणि मगच सोल्डर करा. टेबलावर पॉट सोल्डर केले तर ते केसाएवढे तिरके होतात आणि तीन भोकांत एकाच वेळी जाईनात. मग लोक नटाच्या जोरावर ओढून बसवतात. तो ताण पॉटच्या पायांच्या सोल्डरवर राहतो आणि काही महिन्यांनी तिथेच भेग पडते. एलईडीचं तेच. पाय लांब ठेवा, बोर्ड जागेवर बसला की एलईडी भोकात ढकला, सरळ झाला की सोल्डर. लांब पाय पॉझिटिव्ह, हे पाय कापण्याआधी बघून घ्या.

पॉटच्या अंगावर एक छोटी खुंटी असते, पॉट फिरू नये म्हणून. बॉक्सला तिच्यासाठी भोक नसेल तर पॉट पत्र्याला सपाट टेकत नाही, तिरका बसतो. पकडीनं खुंटी मोडून टाका. बोर्डावरच्या पॉटला तिची गरज नाही. वायरीवर लटकणारा एकटाच पॉट असेल तर खुंटी ठेवा आणि आतून बारीक भोक पाडा, नाहीतर नट सैल झाला की सगळा पॉट फिरून वायरी पिळेल.

पॉटची धातूची पाठ आणि बोर्डाची सोल्डरची बाजू समोरासमोर येतात. मध्ये काहीतरी विद्युतरोधक हवंच. बरेच जण पुठ्ठा घालतात. आपल्या भागात पुठ्ठा नको. खानापूर-लोंढ्याच्या बाजूला तर जून ते सप्टेंबर हवाच ओली असते, पुठ्ठा ओल धरतो आणि पेडलच्या इनपुटसारख्या नाजूक जागी तेवढी गळतीसुद्धा खरखर आणायला पुरते. प्लॅस्टिकच्या फाइलचं कव्हर कापून घाला, किंवा पॉटवर बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या टोप्या मिळतात त्या लावा. इन्सुलेशन टेप तात्पुरती ठीक, उन्हाळ्यात तिचा गोंद सरकतो.

वायरींसाठी बारीक तारांची, २४ गेजची वायर वापरा. एकेरी जाड तार टेबलावर नीटनेटकी दिसते, पण बॉक्समध्ये दोन-चार वेळा वाकवली की सोल्डरच्या कडेला तुटते. वर इन्सुलेशन असल्यामुळे तुटलेलं दिसतही नाही. आधी बोर्डाकडचं टोक सोल्डर करा, वायर थोडी लांब ठेवा. सगळं बसल्यावर जॅक आणि स्विचकडचं टोक मापानं कापून जोडा. बोर्डाची बाजू नंतर झाकली जाते, जॅकची बाजू शेवटपर्यंत हाताशी राहते, म्हणून हा क्रम. इनपुटची वायर एका भिंतीनं, आउटपुटची दुसऱ्या भिंतीनं न्या. ओव्हरड्राइव्हमध्ये गेन (सिग्नल किती पट वाढवला जातो ते) जास्त असतो, दोन्ही वायरी लगत धावल्या तर गेन वर नेल्यावर शिट्टी सुरू होते.

फूटस्विचवर सोल्डर करताना एका टर्मिनलवर दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबू नका. आतलं प्लॅस्टिक मऊ पडलं की स्विच अधूनमधून कनेक्शन सोडायला लागतो. नऊ टर्मिनलं तीन बाय तीन अशी असल्यानं तो चौथाई फेरीनं चुकीचाही बसतो. घाईत फरक लक्षात येत नाही, पण जोडणी पूर्ण चुकते. बसवण्याआधी मीटर लावा. मधलं टर्मिनल आपल्या रांगेतल्या एका टोकाशी जोडलेलं मिळेल, दाबल्यावर दुसऱ्या टोकाशी. ती रांग कुठल्या दिशेनं आहे ते बघून किटच्या आकृतीशी जुळवा.

आणखी एका ठिकाणी डोकं शांत ठेवावं लागतं. पेडल पायाजवळ ठेवून वरून बघितलं तर इनपुट उजवीकडे, आउटपुट डावीकडे असतं. काम आपण बॉक्स उलटा करून करतो, तेव्हा इनपुट डावीकडे येतं. वायरीच्या पॉटचंही तसंच, मागून बघताना पहिलं आणि तिसरं टर्मिनल अदलाबदल होतं आणि व्हॉल्यूम उलटा फिरतो. बॉक्सच्या आत मार्करनं "इन" आणि "आउट" लिहून टाका. बॅटरी असलेल्या पेडलमध्ये तर स्टिरिओ जॅक इनपुटलाच हवा, कारण पिन घातल्यावर त्याच्या मधल्या कड्यातून बॅटरीचं निगेटिव्ह जोडलं जातं. तो आउटपुटला गेला तर गिटारची केबल काढून ठेवल्यावरही अँपची केबल लावलेली असेपर्यंत बॅटरी संपत राहते.

बॉक्स कोरा असेल, भोकं पाडायची असतील, तर घरच्या हँड ड्रिलपेक्षा उद्यमबागेत ओळखीच्या वर्कशॉपमध्ये जा. पिलर ड्रिलवर भोक सरळ पडतं. फाउंड्री आणि मशीनकामाचं गाव आपलं, पाच-सहा भोकांचं काम कुणी नाकारत नाही. तुम्हाला निपाणीतही लेथवाले मिळतीलच. जागा पट्टीनं आखून सेंटर पंच मारून न्या. साधारण मापं अशी: पॉटला ७ मिलीमीटर, फूटस्विचला १२, उघड्या जॅकला ९.५, प्लॅस्टिकच्या डीसी जॅकला बहुधा १२. तरी हातातला भाग व्हर्निअरनं मोजूनच भोक ठरवा, कारण डबीतल्या जॅकला मोठं भोक लागतं. आधी ३ चं भोक, मग स्टेप ड्रिल, थोडं रॉकेल किंवा कटिंग ऑइल टाकून, कारण अॅल्युमिनियम ड्रिलला चिकटतं. ओतीव बॉक्सच्या भिंती किंचित उतरत्या असतात, त्यामुळे बाजूची भोकं पाडताना बॉक्स वाइसमध्ये खाली लाकडाची पट्टी देऊन सरळ करा. दोन्ही जॅक अगदी समोरासमोर नकोत. पिन तीसेक मिलीमीटर लांब असते आणि बॉक्सची रुंदी ६०, दोघींची टोकं जवळजवळ भिडतात. एक जॅक दहा-बारा मिलीमीटर पुढे सरकवा. शेवटी प्रत्येक भोकाची बर (कडेला उरलेला धारदार कंगोरा) आतून-बाहेरून कानशीनं काढा, अॅल्युमिनियमचा कीस ब्रशनं झाडा. बॉक्समध्ये राहिलेला कीस पुढे कधीतरी बोर्डावर जाऊन बसतो.

पावडर कोटिंग करणार असाल तर भोकं आधी, कोटिंग नंतर. १८० ते २०० अंशांच्या भट्टीत तो थर भाजला जातो आणि वीज अजिबात वाहू देत नाही. म्हणून जॅकच्या भोकाभोवती आतून रंग खरवडून चकचकीत धातू काढा, वॉशर तिथेच बसला पाहिजे. झाकणाची कडसुद्धा थोडी घासा. झाकणाला ग्राउंड मिळालं नाही तर बॉक्सची ती एक बाजू उघडीच राहिली असं समजा, ट्यूबलाइट आणि पंख्याच्या रेग्युलेटरची गुणगुण तिथून आत येते.

तुमच्यासाठी क्रम एवढाच. फूटस्विचचा आतला नट अंगापर्यंत फिरवा. डीसी जॅक प्लॅस्टिकचा आहे का बघा. पिना घालून मीटर लावा. झाकणाच्या आत, स्विचच्या समोर, प्लॅस्टिकचा तुकडा चिकटवा. एवढं करूनही झाकण बसलं नाही, तर दोन्ही जॅकमध्ये पिना असताना बॉक्सच्या आतला एक फोटो वरून आणि एक बाजूनं काढून पाठवा. बाजूच्या फोटोत शेजारी पट्टी उभी धरा, म्हणजे कुठला भाग किती मिलीमीटर वर आलाय ते मला इथून वाचता येईल.